पावसाळ्यानंतर कोपर का धरतं, आणि धरू नये म्हणून काय करायचं

गोव्यातल्या डिचोली भागातल्या एका क्रीडा प्रशिक्षकांचा प्रश्न आहे. त्यांच्याकडे १३ ते २२ वयाची मुलं-मुली क्रिकेट आणि बॅडमिंटन खेळतात, दोघं भालाफेक करतात. दर वर्षी ऑक्टोबर-नोव्हेंबरात दोन-चार जणांचं कोपर दुखायला लागतं. जिम नाही, साधनंही फारशी नाहीत. कोपराची दुखापत टाळायला कोणते व्यायाम घ्यावेत?

व्यायाम सांगतोच, पण आधी तुमच्याच प्रश्नातला महिना बघा. जून ते सप्टेंबर आपल्याकडे मैदानात पाय ठेवायची सोय नसते. चार महिने मुलाने सीमारेषेवरून एकही चेंडू फेकलेला नसतो. दसऱ्याच्या सुमारास मैदान सुकतं आणि पहिल्याच आठवड्यात रोज नेट, रविवारी दोन सामने, मध्ये गावच्या टेनिस बॉलच्या स्पर्धा. दम आठवडा-दोन आठवड्यांत परत येतो, स्नायू महिनाभरात बऱ्यापैकी तयार होतात. स्नायू हाडाला बांधणारी कंडरा मात्र सावकाश बळकट होते, तिला दोन-तीन महिने लागतात. मुलाला ताकद आल्यासारखी वाटते, तो जोर लावतो आणि मार कंडरा खाते. म्हणून व्यायाम ऑगस्टच्या मध्यात सुरू व्हायला हवेत. ऑक्टोबरात सुरू केले तर तो प्रतिबंध राहत नाही, उपचार होतो.

बॅडमिंटनचं गणित उलटं आहे. पाऊस लागला की बाहेर खेळणारेही इनडोअर हॉलकडे वळतात, आठवड्यातून दोनदा खेळणारा पाचदा खेळायला लागतो. त्यांचं कोपर जून-जुलैतच कुरकुरतं. शिवाय दमट हवेत तळहाताला घाम येतो, रॅकेट सटकते आणि नकळत मूठ आवळली जाते. तासभर आवळलेली मूठ म्हणजे कोपराच्या बाहेरच्या बाजूवर तासभर ताण. ओलं झालेलं ओव्हरग्रिप (रॅकेटच्या मुठीवर गुंडाळलेली पट्टी) वेळेवर बदलणं आणि दोन गुणांच्या मध्ये बोटं सैल सोडणं, या दोन गोष्टींनी जे साधतं ते कित्येक व्यायामांनी साधत नाही.

आता दुखतं कुठे आणि का, ते थोडक्यात. कोपराच्या बाहेरच्या हाडाच्या टोकावर मनगट वर उचलणाऱ्या स्नायूंची कंडरा चिकटलेली असते. ती दुखावली की टेनिस एल्बो. त्यासाठी टेनिस खेळावं लागत नाही: सचिन तेंडुलकरला २००४ मध्ये याच दुखण्याने सामने सोडावे लागले आणि २००५ मध्ये शस्त्रक्रिया करून घ्यावी लागली. आतल्या टोकावर मनगट आत वळवणारे आणि तळहात खाली फिरवणारे स्नायू असतात, तिथल्या दुखण्याला गोल्फर्स एल्बो म्हणतात. फेकणाऱ्यांचा धोका वेगळा. हात मागे नेऊन पुढे झटकताना कोपराची आतली बाजू उघडायला बघते. तिथलं लिगामेंट, म्हणजे हाडाला हाड बांधणारा पट्टा, ती धरून ठेवतं आणि वरून तेच आतले स्नायू मदत करतात. स्नायू थकले की सगळा भार लिगामेंटवर जातो. म्हणूनच सामन्याच्या शेवटच्या तासातले थ्रो घातक असतात. भाल्यात हाच ताण सर्वाधिक. नीरज चोप्राच्या कोपरावर २०१९ मध्ये शस्त्रक्रिया झाली आणि त्याचा तो मोसम गेला.

एक गोष्ट मनाशी पक्की धरा. कोपर हा मधला सांधा आहे. वर खांदा आखडलेला किंवा कमजोर असेल, पाठ आणि कंबर नीट फिरत नसेल, तर ती तूट कोपर भरून काढतं. जपानमध्ये शाळकरी बेसबॉल खेळाडूंवर झालेल्या अभ्यासांत प्रतिबंधक व्यायामांनी कोपराच्या आतल्या बाजूच्या दुखापती स्पष्टपणे कमी झाल्या. त्या व्यायामांत भर होता तो खांद्यामागची लवचीकता, पाठीचं फिरणं, खांद्याचं पातं आणि नितंब-पायांचा तोल यांवर. तेव्हा फक्त मनगटाचे व्यायाम देऊन थांबू नका.

पुढचा हात

सगळ्यांत महत्त्वाचा व्यायाम म्हणजे मनगट सावकाश खाली सोडणं. टेबलाच्या कडेला बसा. कोपर ते मनगट टेबलावर सपाट, पंजा कडेबाहेर, तळहात जमिनीकडे. हातात वजन. मुलांनी अर्धा किलोपासून, मोठ्यांनी एक किलोपासून सुरुवात करावी. डंबेल नसेल तर पाण्याची बाटली चालते: अर्ध्या लिटरची भरलेली बाटली साधारण अर्धा किलो, एक लिटरची एक किलो. बाटली जाड असेल तर धरण्यातच बोटं थकतात, म्हणून कमरेला बारीक असलेली घ्या. दुसऱ्या हाताने पंजा वर उचलून द्या, मग तो हात काढा आणि चार आकडे मोजत वजन खाली येऊ द्या. पुन्हा दुसऱ्या हाताने वर. अशी १५ आवर्तनं, तीन फेऱ्या, मध्ये मिनिटभर विश्रांती. आठवड्यातून तीन दिवस, एक दिवसाआड.

हा व्यायाम दिसायला इतका सोपा आहे की जवळजवळ प्रत्येक जण चुकवतो. पहिली चूक शेवटच्या टप्प्यात होते. पहिले दोन आकडे नीट, तिसऱ्यावर मनगट धपकन सुटतं. कंडरेला खरं काम त्या शेवटच्या तिसऱ्या हिश्शातच मिळतं, म्हणून तिथे सुटत असेल तर वजन कमी करा. दुसरी चूक म्हणजे वजन आवळून धरणं. बोटांची पेरं पांढरी पडली की समजा, काम मनगटाऐवजी बोटं करताहेत. तिसरी, कोपर टेबलावरून उचललं जाणं आणि खांदा कानाकडे चढणं. प्रशिक्षकांनी शेजारी उभं राहून फक्त कोपर आणि खांदा बघितला तरी पुरे. पंधराच्या तिन्ही फेऱ्या सलग दोन वेळा आरामात झाल्या की पाव ते अर्धा किलो वाढवा, त्याआधी नाही. चौथ्या आठवड्यापासून हाच व्यायाम कोपर जवळपास सरळ ठेवून करा. सरळ कोपरात कंडरेवर ताण जास्त येतो आणि फटका मारताना हात तसाच असतो. वजन मात्र त्या दिवशी एक पायरी खाली आणा.

तळहात वर करून हेच आतल्या बाजूसाठी. इथले स्नायू मुळात जास्त ताकदवान असतात, त्यामुळे साधारण दीडपट वजन चालतं. फेकणाऱ्या मुलांसाठी ही बाजू जास्त महत्त्वाची, बॅडमिंटनवाल्यांसाठी बाहेरची. करायच्या दोन्ही.

तिसरा व्यायाम हातोडीचा. घरातली साधी हातोडी घ्या, दांडा टोकाला धरा, कोपर काटकोनात वाकवून बरगड्यांना चिकटवा. हातोडी उभी. तीन आकडे मोजत ती आतल्या बाजूला आडवी करा, पुन्हा उभी, मग बाहेरच्या बाजूला आडवी, पुन्हा उभी. बारा वेळा, दोन फेऱ्या. जड वाटली तर दांडा हातोडीच्या डोक्याजवळ धरा. दोन बोटं वर सरकलात तरी फरक जाणवतो. काखेत दुमडलेला टॉवेल धरा. तो पडला म्हणजे कोपर बाजूला जातंय आणि काम खांदा करतोय. बॅडमिंटनचा स्मॅश पुढच्या हाताच्या याच फिरण्यावर चालतो, त्यामुळे त्या मुलांनी हा व्यायाम टाळूच नये.

बोटं उघडायचा व्यायाम अगदी किरकोळ दिसतो. पाचही बोटांच्या टोकांभोवती जाडसर रबरबँड अडकवा आणि बोटं फाकवा, २० वेळा, दोन फेऱ्या. याउलट मऊ बॉल दिवसभर दाबत बसणं हा सगळ्यांत लोकप्रिय आणि माझ्या मते सगळ्यांत निरुपयोगी सल्ला आहे. मुठीचे स्नायू खेळात आधीच राबलेले असतात, उघडणाऱ्या स्नायूंकडे कोणी बघत नाही. दोन्ही बाजूंचं काम एकत्र हवं असेल तर बादलीत तांदूळ भरून त्यात पंजा खुपसा आणि आत बोटं उघड-मीट करा, ३० सेकंद, तीन वेळा. उकड्या तांदळाची बादली घरचे देतील का, हा प्रश्न मी तुमच्यावर सोडतो. कोरडी वाळूही चालते, फक्त पावसात ती कोरडी मिळायला हवी.

यातला कोणताही व्यायाम सरावाच्या किंवा सामन्याच्या लगेच आधी घेऊ नका. थकलेला पुढचा हात घेऊन मैदानात उतरणं म्हणजे लिगामेंटचं संरक्षण काढून घेणं. सरावानंतर किंवा वेगळ्या वेळी करा.

खांदा, पाठ, पाय

एक रेझिस्टन्स बँड (व्यायामाचा ताणायचा रबरी पट्टा) विकत घ्या, तेवढा खर्च कराच. तो खिडकीच्या गजाला कोपराच्या उंचीवर बांधा. काखेत टॉवेल, कोपर काटकोनात, पंजा पोटाजवळ. बँड बाहेर ओढा, तीन आकड्यांत परत आणा. १५ वेळा, तीन फेऱ्या. खांदा मागे फिरवणाऱ्या या स्नायूंनीच फेक झाल्यावर हाताला ब्रेक लागतो. ते जमलं की हात खांद्याच्या रेषेत बाजूला उचलून, कोपर काटकोनात ठेवून तेच करा, बँड हलका घेऊन. दुसरा, बँड दोन्ही हातांनी पोटाकडे ओढत पाठीची पाती एकमेकांजवळ आणणं, १५ वेळा. तिसरा, पुशअपच्या वरच्या स्थितीत कोपर न वाकवता पाठ आणखी वर ढकलणं, १२ वेळा. पुशअप जमत नसेल तर भिंतीवर हात टेकून.

लवचिकतेत बघायचं ते हे: मुलाला पाठीवर झोपवा, हात खांद्याच्या रेषेत बाजूला, कोपर काटकोनात, आणि पंजा पायाकडे खाली फिरवायला सांगा. खांद्याचं पातं जमिनीवरून उचललं न जाता फेकणारा हात दुसऱ्यापेक्षा खूपच कमी खाली जात असेल तर खांद्याची मागची बाजू आखडली आहे. त्यासाठी हात छातीवरून आडवा ओढून ३० सेकंद, तीन वेळा, रोज. पाठीसाठी कुशीवर झोपून गुडघे दुमडा, गुडघे जमिनीला टेकलेलेच ठेवा आणि वरचा हात पुस्तक उघडल्यासारखा मागे न्या, प्रत्येक बाजूला दहा वेळा. पायांसाठी लंज (एक पाय पुढे टाकून गुडघा वाकवत खाली जाणं) आणि एका पायावर ३० सेकंद तोल सांभाळणं पुरेसं आहे. जो मुलगा पुढचा पाय रोवू शकत नाही तो हातानेच फेकतो.

फेकीचं वेळापत्रक

ऑगस्टमध्ये हॉलमध्ये, शाळेच्या पडवीत, जिथे कोरडी जागा मिळेल तिथे सुरुवात करा. पहिला आठवडा: १५ मीटर, २५ थ्रो, एक दिवसाआड, अर्ध्या जोराने. पुढे दर आठवड्याला एकतर अंतर ५ मीटर वाढवा किंवा थ्रो १० वाढवा, दोन्ही एकदम नाही. पाचव्या-सहाव्या आठवड्यापर्यंत पूर्ण जोर नको. थ्रो मोजायची जबाबदारी एका मुलाला द्या. मोजले नाहीत तर क्षेत्ररक्षणाच्या सरावात शंभरी कधी उलटते कळत नाही. कोपर खांद्याच्या रेषेखाली उतरायला लागलं, मुलगा बाजूने भिरकावायला लागला, की त्या दिवशीचे थ्रो बंद. दमल्याची ही खूण मुलाच्या तोंडून येणाऱ्या तक्रारीच्या कितीतरी आधी दिसते.

टेनिस बॉल हलका, साधारण ५८ ग्रॅमचा. सीझन बॉल, म्हणजे क्रिकेटचा चामड्याचा चेंडू, १५६ ते १६३ ग्रॅम. हलका चेंडू फेकताना हात जास्त वेगाने झटकला जातो, त्यामुळे ‘टेनिस बॉलच तर आहे’ म्हणून तो मोजणीतून वगळू नका. एकाच दिवशी दोन्ही प्रकार पूर्ण जोराने फेकायला लावणं टाळा. भालाफेकीत वयानुसार वजन पाळा: १८ वर्षांखालील मुलांना ७०० ग्रॅम, मुलींना ५००. क्लबकडे एकच ८०० ग्रॅमचा भाला आहे म्हणून पंधरा वर्षांच्या मुलाला तो देणं ही बचत महागात पडते. पूर्ण जोराची फेक आठवड्यातून दोनच दिवस, बाकी दिवशी तंत्र आणि औषधी चेंडू. औषधी चेंडू म्हणजे मेडिसिन बॉल, एक ते दोन किलोचा, दोन्ही हातांनी.

फुटबॉलच्या गोलकीपरबद्दल विचारलेलं नाही, पण गोव्यात तो विषय सोडून कसा चालेल. सरळ ताणलेल्या हातावर जोराचा फटका बसला की कोपर मागे उलटं वाकतं. त्यांना बायसेप्स सावकाश खाली सोडायचा व्यायाम द्या (दोन्ही हातांनी वजन वर, एका हाताने चार आकड्यांत खाली, १० वेळा, तीन फेऱ्या) आणि चेंडू अडवताना कोपर किंचित वाकलेलं ठेवायची सवय लावा. ओल्या मैदानावर घसरून हातावर पडणं हे कोपर निखळण्याचं नेहमीचं कारण. पडताना हात न टेकता खांद्यावरून लोळायला शिकवणं हाही प्रतिबंधक व्यायामच आहे.

जिमला जाणाऱ्या मोठ्या मुलांना एवढंच सांगा की बार डिप्स आणि डोक्यामागून केलेले ट्रायसेप्स एक्स्टेंशन मोसमात कमी करा, आणि पुलअप्स अचानक वाढवू नका. आतली बाजू त्यानेही धरते.

किती दुखलं तर चालेल

शून्य ते दहाच्या मोजपट्टीवर व्यायाम करताना तीनपर्यंत दुखणं चालतं, पण दुसऱ्या दिवशी सकाळी ते पूर्वीइतकंच असायला हवं. सकाळी चहाचा कप उचलताना कळ येत असेल तर आदल्या दिवशीचं वजन जास्त झालं. ते निम्मं करा, व्यायाम बंद करू नका. पूर्ण विश्रांतीने दुखणं जातं, कंडरा मात्र आणखी कमकुवत होते आणि परतल्यावर पुन्हा तेच. दुखऱ्या काळात घरातली कामंही धरा: नारळ सोलणं, खोवणं, पिळे घालून कपडे पिळणं. आणि दुचाकी. वाळपईहून पणजीपर्यंत पावसात ओला अॅक्सिलरेटर आवळून आलेला मुलगा हॉलमध्ये शिरतो तेव्हा त्याच्या पुढच्या हाताचा अर्धा सराव झालेलाच असतो. त्याला उतरल्यावर पंधरा मिनिटं द्या.

कोपराखालचा पट्टा बाहेरच्या हाडापासून दोन-तीन बोटं खाली बांधला तर खेळताना दुखणं कमी होतं. ताकद येत नाही. स्प्रेचंही तेच. स्टिरॉइडच्या इंजेक्शनाने काही आठवडे छान वाटतं, पण टेनिस एल्बोत वर्षभरानंतर इंजेक्शन न घेतलेल्यांचीच स्थिती चांगली असल्याचं दिसून आलं आहे. स्पर्धा तोंडावर आहे म्हणून ते घ्यायचा आग्रह पालक करतात, तेव्हा हे त्यांना सांगा. रॅकेटची तार खूप घट्ट असेल तर दोन-तीन पाउंड सैल करून घ्या, हा स्वस्त उपाय आधी करून बघा.

शेवटचं लहान मुलांबद्दल, आणि इथे मोजपट्टी लागू नाही. सोळा वर्षांखालच्या मुलाच्या कोपराच्या आतल्या टोकाशी हाडाचा वाढीचा भाग अजून पक्का जुळलेला नसतो. फेकताना तिथे दुखलं तर ते कंडरेचं नसून त्या वाढत्या हाडाचं असण्याची शक्यता जास्त. अशा मुलाचे थ्रो त्याच दिवशी बंद करा, हाडांच्या डॉक्टरांना दाखवा, एक्स-रे काढून घ्या. फेकण्यापासून साधारण चार ते सहा आठवड्यांची सुटी लागते, तेवढ्यात पाय, पाठ आणि खांद्याचे व्यायाम चालू ठेवता येतात. कोपर पूर्ण सरळ होत नसेल, मध्येच अडकत असेल, सूज असेल, फेकताना ‘टक्’ असा आवाज येऊन लगेच जोर गेला असेल, किंवा करंगळी आणि अनामिकेला मुंग्या येत असतील, तर वय कितीही असो, वर सांगितलेलं काहीही करून बघत बसू नका. मुंग्यांच्या बाबतीत तर मनगट मागे ताणायचे व्यायामही थांबवा आणि मुलाला कोपर दुमडून, हात उशाखाली घालून झोपू देऊ नका. आतल्या बाजूने जाणारी नस त्या स्थितीत रात्रभर ताणलेली राहते.